एकाच पंगतीत हलाल आणि शाकाहारी

नाशिकमध्ये घरच्या कार्याला मुस्लिम स्नेही येणार असतील, तर ‘सगळे शाकाहारीच आहे’ एवढ्यावर निश्चिंत राहू नये. शाकाहारात पदार्थात मांस, मासे, अंडी आहेत का, एवढेच पाहिले जाते; हलालमध्ये मात्र प्राणी कोणता (डुक्कर तर पूर्ण वर्ज्यच), अल्लाहचे नाव घेऊन तो जबह केला (म्हणजे इस्लामी रीतीने कापला) का आणि पदार्थात मद्य नाही ना, हे प्रश्न येतात. म्हणून मटकीची उसळ निर्धास्त वाढावी. परंतु द्राक्षांच्या या गावात केकमध्ये किंवा पास्त्याच्या सॉसमध्ये हौसेने वाइन घातली जाते, तिथे आचाऱ्याला आधीच स्पष्ट सांगावे. ‘शिजताना उडून जाते’ ही सबब चालत नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही मद्याविषयी हमी देत नाही.

मासे जबह न करताही हलाल असतात, शाकाहारी मात्र नसतात. दोन्ही स्वयंपाक एकत्र होणार असल्यास कढई, तेल आणि झारा वेगळा ठेवावा, कारण चिकनचा चुरा चिकटलेल्या झाऱ्याने काढलेली कांदाभजी शाकाहारी पाहुण्याला चालणार नाही.