पोरांना फुटबॉल शिकवायचाय? मग जिमी होगनची पद्धत धरा

संध्याकाळी बेळगावात लेले ग्राउंडवर एक चक्कर मारून बघा, कुठं ना कुठं एक कोच शिट्टी घेऊन उभा असतोय आणि वीस पोरं राउंड मारायलेली असतात. बॉल एकच, तोपण कोचच्या पायाखाली. मीपण दोन वर्षं हेच केलं, पोरं पळायला तरबेज झाली, बॉल पायात आला की मात्र गोंधळ.

जिमी होगन हा इंग्लंडचा फुटबॉल कोच, 1882 चा जन्म, बर्नली, फुलम, बोल्टन ह्या क्लबांकडून खेळलेला, प्लेयर म्हणून बरा होता एवढंच. त्या काळी तिकडं समजूत अशी की आठवडाभर बॉल दाखवला नाही तर शनिवारी मॅचला प्लेयर भुकेल्यासारखा तुटून पडतोय. एकदा ह्याचा शॉट गोलच्या बारवरून गेला, काय चुकलं म्हणून मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, मारत राहा, दहातला एक गेला तरी बास. होगनला ते काय पटलं नाही, दहातले नऊ का जातात हे बघायला नको का, आणि तिथनंच ह्याच्यातला कोच सुरू झाला असं मला वाटतंय. 1910 ला हॉलंडला डॉर्ड्रेख्टला कोच म्हणून गेला, मग 1912 ला व्हिएन्ना.

तर पहिलं काम, राउंड बंद आणि प्रत्येक पोराला बॉल. पैसे नसतील तर दोघांत एक, पण एका बॉलमागं वीस नको. आठ ते बारा वर्षांच्या पोरांना चार नंबरचा द्या, पाच नंबर मोठ्यांचा, बारक्यांच्या पायाला जड जातोय.

दुसरं, भिंत. पाच पावलांवरनं डाव्या पायानं वीस, उजव्यानं वीस, पायाच्या आतल्या बाजूनं, बॉल जमिनीलगतच जायला पाहिजे. भिंत गिलावा केलेली बघा हं. आम्ही जांभ्याच्या कंपाउंडवर मारत होतो, पंधरा दिवसांत दोन बॉलची साल निघाली आणि पोरांच्या आयांनी मला धरलं.

तिसरं ट्रॅप, म्हणजे येणारा बॉल पायानं थांबवणं, आणि इथं घाई करू नका, महिना गेला तरी चालतंय. आपली पोरं येणाऱ्या बॉलला पाय घट्ट आडवा लावतात, मग तो उडून चार फूट पुढं जातोय. पाय बॉल लागायच्या जरा आधी मागं घ्यायचा, कॅच घेताना हात मागं घेतो तसा. बॉल पायाशी मेला पाहिजे. मग तिघांचा त्रिकोण करा आणि पास देऊन लगेच जागा बदलायला लावा, उभा राहिला तर आउट. पहिल्या महायुद्धात शत्रूदेशाचा माणूस म्हणून होगनला व्हिएन्नात अटक झाली, नंतर हंगेरीतल्या बुडापेस्टच्या एमटीके क्लबनं त्याला नेलं, तिथं त्यानं असलंच शिकवलं आणि एमटीके 1916-17 पासून 1924-25 पर्यंत सलग चॅम्पियन. पुढं 1953 ला हंगेरीनं वेम्बलीवर इंग्लंडला 6-3 मारलं तेव्हा हंगेरीवाल्यांनी ह्याचंच नाव घेतलं, इंग्लंडवाल्यांना कसं झालं असेल बघा.

चौथं, बोलू नका, करून दाखवा. होगन जर्मनीत भाषण द्यायला गेला, शब्द चुकला, लोक हसायला लागले. गड्यानं सरळ बूटमोजे काढले आणि अनवाणी पायानं बॉल मारून दाखवला, मग कोण हसतंय. आपल्याकडं तर एका टीममध्ये मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी सगळीच पोरं, 'चेंडू' हा शब्द तेवढा मराठीत नि कन्नडात सारखाच. मी 'पाय सैल सोड' चार वेळा ओरडतो, काय उपयोग होत नाही, एकदा करून दाखवलं की खानापूरकडचं बारकं पोरगंसुद्धा करतंय. पोट सुटलेल्या कोचनी आधी स्वतः आठ दिवस भिंतीवर मारावं, आणि पोरांसमोर बॉल निसटला तर निसटू दे, परत करा.

पावसात जून ते सप्टेंबर ग्राउंडचा लाल चिखल होतोय, बॉल जागचा हलत नाही. सुट्टी देऊ नका. शाळेच्या व्हरांड्यात टेनिस बॉल घेऊन ट्रॅप करायला लावा, फक्त ट्यूबलाइट बघून.