बायोचारने शिसं काढताना शेवटचा पीएच मोजा

बायोचार म्हणजे काडीकचरा कमी हवेत भाजून केलेला कोळसा. तो घालून पाण्यातलं शिसं काढायच्या प्रयोगात पहिल्याच बॅचमध्ये ९९ टक्के शिसं गेलेलं दिसतं, गाइड खूश होतात, आणि खरी गोम नेमकी तिथेच असते. मी त्या जागी फार काळ अडकून होते, म्हणून तेवढंच सविस्तर सांगते.

भुसा घ्या, टरफलं घ्या, पाला घ्या. ५००-६०० अंशांवर बायोचार केलं की त्यातले पोटॅशियम-कॅल्शियमचे क्षार राखेच्या रूपाने कोळशातच राहतात. पाण्यात पडल्यावर ही राख पीएच चढवते. सुरुवातीला ५ वर आणलेलं द्रावण रात्रभर शेकरवर फिरून ८ च्या घरात पोहोचू शकतं. तिथे शिसं हायड्रॉक्साइड किंवा कार्बोनेट होऊन खाली बसतं, फिल्टर पेपर ते अडवतो आणि एएएसला (पाण्यातला धातू मोजणाऱ्या यंत्राला) पाणी स्वच्छ दिसतं. शिसं गेलं हे खरं. पण ते कोळशाला चिकटलं की नुसता साका झाला, हे त्या आकड्यावरून कळत नाही, आणि आपण लँगम्युअर, म्हणजे पृष्ठभागावरच्या शोषणाचं समीकरण, बसवून मोकळे होतो!

म्हणून प्रत्येक फ्लास्कचा सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्ही पीएच लिहा. बायोचार न घातलेला, नुसत्या शिशाच्या द्रावणाचा एक फ्लास्क त्या शेवटच्या पीएचला आणून ठेवा, म्हणजे केवळ पीएचमुळे किती शिसं खाली बसतं ते कळेल. शिवाय बायोचार साध्या पाण्यात भिजवून, गाळून, त्या पाण्यात शिसं घाला. पाणी गढूळलं तर कोळशातून सुटलेले कार्बोनेट-फॉस्फेट काम करताहेत. साका होणं वाईट नाही, पाणी शुद्ध करायला ते उपयोगीच आहे. फक्त त्याला शोषण म्हणू नका.

राख काढायला बायोचार आधी धुतलं आणि टक्का घसरला तर घाबरू नका. तो आकडा कमी असला तरी भरवशाचा असतो.

क्रोमियम-६ चं गणित उलटं. ते ऋणभारित असल्याने आम्लधर्मी पाण्यात जास्त निघतं, आणि त्यातलं काही क्रोमियम-३ होऊन पाण्यातच राहतं. एकूण क्रोमियम मोजलं नाही तर फसगत ठरलेली.

स्यूडो-सेकंड-ऑर्डर या शोषणाच्या वेगाच्या समीकरणाच्या सरळ रेषेचा आर-स्क्वेअर (रेषा आकड्यांना किती जुळते त्याचं माप) ०.९९ आला म्हणून ‘रासायनिक शोषण’ लिहायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. त्या आलेखात दोन्ही अक्षांवर वेळ असते, रेषा सरळ येणारच. टक्केवारीचा रुबाबही तसाच. लिटरला १०० मिलिग्रॅममधून ९९ टक्के काढलं तरी १ मिलिग्रॅम उरतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. टक्क्याआधी ‘उरलं किती’ विचारणारा गाइड मिळाला तर त्याला सोडू नका.

नमुने ठेवताना आधी गाळा, मगच नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली न्या. क्रम उलटला तर कोळशाने धरलेलं शिसं परत पाण्यात उतरतं.