गाडीची चिकटवलेली जुनी काच पत्र्याला ओरखडा न पाडता कशी काढावी

१९९५ साली पिंपरीत मर्सिडीजच्या डब्ल्यू १२४ मालिकेतल्या गाड्या तयार होऊ लागल्या, तेव्हा मी भोसरीत एका टूलरूममध्ये होतो. त्या गाड्यांपैकी एक ई २२० आता माझ्या दारात उभी आहे. मागच्या पावसाळ्यात तिच्या डाव्या बाजूचा पायाखालचा गालिचा दोनदा भिजला. दरवाज्याचं रबर शाबूत होतं, पाणी वाहून जायच्या वाटा मोकळ्या होत्या. शेवटी पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात नख घातलं, तर रंगाचा पापुद्रा सुटला आणि तपकिरी भुगा हातात आला. पत्रा काचेखाली कुजत होता, म्हणजे काच काढणं भाग होतं.

प्रीमियर पद्मिनीची काच रबरात बसवलेली असते. रबराची कड आतून उलटवत गेलं की काच बाहेर येते. माझ्या गाडीची काच मात्र पत्र्याच्या कडेवर सीलंटने चिकटवलेली आहे आणि ते सीलंट कापल्याशिवाय ती हलत नाही. कोणतं सीलंट आहे ते आधी बघा. दाभण टोचून थोडं बाहेर काढा. बोटांत धरून ओढल्यावर चिंगमसारखं लांबलं आणि हाताला चिकटलं तर ते ब्यूटाइल. टायरच्या तुकड्यासारखं ताणून परत जागेवर आलं तर पॉलियुरेथेन. साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांत ब्यूटाइल बऱ्याचदा सापडतं. ते कोमट हवेने मऊ होतं आणि पातळ सुरीने सुटतं. माझ्या गाडीत पॉलियुरेथेन होतं, म्हणून पुढचं सगळं त्याबद्दल. त्यावर ज्योत किंवा जोरदार हीट गन अजिबात लावू नका. जळताना त्यातून आयसोसायनेटचा धूर निघतो आणि तो फुप्फुसांना घातक असतो.

काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करा. काच फुटली तर शोधून दुसरी आणता येते. पण चौकटीच्या पत्र्यावर सुरीचा ओरखडा पडला, तर तो नव्या सीलंटखाली झाकला जातो आणि पाच वर्षांनी तिथूनच गंज वर येतो. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. आधीच्या मालकाने कुठेतरी काच बदलून घेतली होती. काढणाऱ्याने सुरी पत्र्यावर टेकवून चालवली होती आणि रंगावर सरळ रेघ ओढल्यासारखे चर पाडून ठेवले होते. म्हणून कापताना अडलात तर जोर काचेकडे जाऊ द्या, पत्र्याकडे नको.

सामान फार लागत नाही. विंडस्क्रीन कापायची तीन पदरी वेणीची तार, दीड-दीड फुटाचे पाच-सहा तुकडे, कारण दोन-तीन तरी तुटतातच. गिटारची तार वापरून पाहिली, ती कोपऱ्यावर लगेच तुटते. धरायला जुनं लाटणं मधून कापून दोन मुठी केल्या आणि त्यांना भोक पाडून तार ओवली. शिवाय दाभण, पकड, मास्किंग टेप, प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या, साबणाचं पाणी, काच उचलायचे दोन रबरी कप, चामड्याचे हातमोजे आणि चष्मा. चष्मा आतल्या माणसानेही घालायचा. ताणलेली तार तुटली की चाबकासारखी परत येते.

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. या गाडीला एकच वायपर आहे. त्याचा हात आणि खालचं प्लॅस्टिकचं झाकण काढा. आतल्या बाजूने दोन्ही पिलरची, म्हणजे काचेच्या दोन बाजूंच्या उभ्या खांबांची, आवरणं काढा. डॅशबोर्डवर जाड गोधडी घाला. काचेभोवतीच्या रंगावर टेपचे तीन थर लावा. काचेच्या कडेची रबरी बीडिंग कापून टाका. ती परत वापरायच्या मोहात पडू नका, नवीन आणा.

आता भाच्याला आत बसवलं, मी बाहेर. कापायला सुरुवात वरच्या कडेच्या मध्यापासून केली, कारण तिथे आतून हात मोकळा पोचतो. आतून दाभण सीलंटमध्ये आरपार घाला, त्या भोकातून तार बाहेर काढा, दोन्ही टोकांना मुठी लावा. मग आळीपाळीने ओढायचं: एकाने ओढलं की दुसऱ्याने ढील द्यायची, पण तार सैल सोडायची नाही. करवतीसारखे लांब, संथ झटके.

सगळं कौशल्य तारेच्या कोनात आहे. आतल्या माणसाने मूठ काचेला जवळजवळ टेकवून, काचेच्या मध्याकडे ओढायची. त्याने मूठ स्वतःकडे, छताच्या दिशेने घेतली की तार पत्र्याची कड कापू लागते. सुरुवातीला भाचा तसंच करत होता. तो नवा होता आणि मीही नीट सांगितलं नव्हतं. बाहेरच्याने आपली मूठ कापायच्या दिशेने, कडेला समांतर ओढायची आणि तार व रंग यांच्यामध्ये प्लॅस्टिकची पट्टी सरकवत न्यायची. पाच-सहा झटक्यांनंतर साबणाचं पाणी मारा.

"मामा, चटका बसतोय," आतून आवाज आला की थांबायचं. तार इतकी तापली म्हणजे आपण घाई करतोय. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. आम्ही सकाळी सातला, सावलीत सुरुवात केली ती याचसाठी.

कोपरे जीव खातात. तिथे सीलंट जाड असतं आणि काचेला बाक असतो. लांब झटके बंद करा, दोन-दोन इंचांचे छोटे झटके घ्या आणि तार कोपऱ्याला वळसा घालत न्या. सरळ पुढे रेटली की काचेच्या कडेचा कपचा उडतो. पुढची काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली असते, तिच्यात कपच्यापासून तडा धावत जातो. मागची टफन (तापवून कडक केलेली) असेल तर कडेवर जरा लागलं तरी सगळी काच साबुदाण्यासारखी दाणे दाणे होऊन खाली पडते. मागच्या काचेच्या हीटरच्या वायरीही आधी सोडायच्या. खालची कड सगळ्यात शेवटी घ्या. तिथे डॅशबोर्ड आड येतो, म्हणून आतला माणूस पकडीत तार धरून एका जागी अँकर करतो आणि बाहेरचा एकटाच ओढतो. आम्हाला सगळं मिळून पावणेदोन तास लागले.

शेवटचा तुकडा कापताना काच कोणीतरी धरून ठेवा. मग रबरी कप लावून दोघांनी एकदम, आधी वरची कड सोडवून उचला. ठेवताना आडवी ठेवू नका. जमिनीवर दोन लाकडी ठोकळे, त्यांवर गोधडी, आणि काच भिंतीला किंचित तिरकी टेकवून उभी.

खाली काय निघेल याची मनाची तयारी ठेवा. माझ्या गाडीत डाव्या कोपऱ्यात कोणीतरी गळती थांबवायला आंघोळीच्या खोलीत भरतात ते सिलिकॉन भरलं होतं. त्या प्रकारच्या सिलिकॉनमधून सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारं ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि ते उघड्या पत्र्याला खातं. वर आणखी पंचाईत म्हणजे सिलिकॉनचा पातळ थर जरी राहिला तरी त्यावर पॉलियुरेथेन चिकटत नाही. त्यामुळे तेवढा भाग मी थेट धातूपर्यंत घासला. जिथे जुनं पॉलियुरेथेन घट्ट आणि स्वच्छ होतं, तिथे ते खरवडून टाकलं नाही. धारदार पात्याने एक-दोन मिलिमीटर जाडीचा थर ठेवला, कारण नवं सीलंट ताज्या कापलेल्या जुन्या थराला सर्वांत चांगलं धरतं. गंजलेल्या जागी वेल्डिंग करून इपॉक्सी प्रायमर मारला आणि तो डब्यावर लिहिल्याप्रमाणे पूर्ण वाळू दिला.

काच परत बसवायचं काम मी अनुभवी फिटरकडे दिलं आहे. ही काच गाडीच्या सांगाड्याला ताकद देते, आणि सीलंटची जाडी, प्रायमरच्या वेळा, बसवल्यावर गाडी किती तास हलवायची नाही, हे सगळं तो रोज सांभाळतो. गाडी नेण्याआधी चौकटीचे फोटो काढून मी त्याला दाखवले, म्हणजे कुठे उघडा पत्रा आहे आणि कुठे जुना थर ठेवलाय हे त्याला कळलं.