चित्रा नक्षत्रातली भातकापणी : संध्याकाळपर्यंत झोडता येईल तेवढंच कापा

हळवं, म्हणजे लवकर येणारं भात पिवळं होऊन उभं आहे, निमगरवं, म्हणजे मध्यम मुदतीचं, आठ-दहा दिवसांवर आलं आहे आणि आभाळाचा काही भरवसा नाही. कोकणात ऑक्टोबरच्या मध्यावर दरवर्षी हीच घालमेल असते. हवामान विभागाच्या सरासरी तारखेप्रमाणे मुंबईतून मोसमी पाऊस ८ ऑक्टोबरला माघारी फिरतो, दक्षिण कोकणातून त्यानंतर. पण पाऊस परतल्याचं जाहीर झालं, म्हणजे दुपारचा गडगडाटी पाऊस थांबला असं समजू नका. कापलेलं भात भिजतं ते बहुतेक वेळा याच गैरसमजातून.

पुढच्या आठवड्यात दिवसाची चाल ओळखून कामं लावा. या दिवसांत सकाळी दव असतं, आभाळ निरभ्र असतं. अकरानंतर ऊन चटके देऊ लागतं, दुपारी पारा ३३-३४ अंशांवर जातो आणि अंगाची नुसती काहिली होते. मग सह्याद्रीच्या अंगाला कापसासारखे ढग उभे चढायला लागतात. तीन-साडेतीनला तिकडूनच काळोख करून येतं. जून-जुलैचा पाऊस समुद्राकडून येतो, हा डोंगराकडून येतो. म्हणून आता पूर्वेकडे बघायची सवय लावा. ढगाचा माथा पसरून ऐरणीसारखा सपाट झाला की पुढच्या तासाभरात आपल्याकडे काहीही होऊ शकतं. एका वाडीत धो धो आणि पलीकडच्या वाडीत जमीनसुद्धा ओली नाही, असं या पावसात नेहमी होतं.

त्यामुळे अंदाजातले शब्द नीट वाचायला हवेत. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव पाऊस मोजणी केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या केंद्रांवर. 'हलका' म्हणजे दिवसभरात १५.५ मिलिमीटरपर्यंत, 'मध्यम' म्हणजे तिथून ६४.४ पर्यंत आणि त्यावर 'जोरदार'. कापून पसरलेल्या भाताला मात्र हलका पाऊसही पुरेसा असतो. तुरळक आहे म्हणून बिनधास्त राहू नका. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान पत्रिका निघते, मोबाइलवर 'मेघदूत' अ‍ॅपमध्ये ती जिल्ह्याप्रमाणे मिळते. ती बघूनच मजुरांना सांगावा धाडा.

आता मुख्य गोष्ट. कापणीचा हिशेब किती माणसं कापायला आहेत यावर नको, संध्याकाळपर्यंत किती झोडून घरात नेता येईल यावर करा. आपल्याकडे कापून कडपे, म्हणजे कापलेल्या भाताच्या मुठी, दोन-तीन दिवस शेतात वाळत टाकायची पद्धत आहे. आभाळ खात्रीचं असेल तर ती चांगलीच आहे, पेंढाही छान वाळतो. पण या आठवड्यात ती जोखीम घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. २०१९ साली ऐन दिवाळीत 'क्यार' चक्रीवादळाच्या पावसाने रत्नागिरी-सिंधुदुर्गात तयार भाताची नासाडी झाली. आमचं सहा गुंठ्यांचं कापलेलं भात पाण्यात होतं. तिसऱ्या दिवशी कडपा उचलला तर खालच्या लोंब्यांना पांढरे कोंब फुटलेले, आणि कडप्यात हात घातला तर आत गरम वाफ. बाजूच्या खाचरात न कापलेलं भात आडवं झालं होतं, तरी त्यातलं निम्म्याहून जास्त हाताला लागलं. तेव्हापासून मी मळणीच्या हिशेबानेच कापणी धरतो.

लोंबीतले ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले, बुडाकडचे चार-दोन हिरवट राहिले, की भात कापायला तयार. दाणा दाताखाली धरा, कट्कन तुटला पाहिजे. सगळं वाळून खडखडीत होईपर्यंत थांबलात तर दाणे शेतातच झडतात आणि गिरणीत कणी जास्त पडते. कापायच्या आठ-दहा दिवस आधी बांध फोडून खाचरातलं पाणी काढा. सकाळी दव उडालं की नऊ-साडेनऊला विळा लावा, एकपर्यंत कापणी आटपा आणि दोनपासून झोडणीला लागा. कर्जत-३, रत्नागिरी-२४ यांसारखी हळवी वाणं आधी काढा. गरवं, म्हणजे सुवर्णासारखं उशिरा येणारं, अजून थांबेल.

एवढं करूनही भिजलंच, तर कडपे चिखलात पडू देऊ नका. उचलून पाणी झटका, बांधावर नाहीतर कातळावर लोंब्या वर करून पसरा आणि उघडीप मिळाली की ओलंच झोडून घ्या. ओलं भात ढीग करून ठेवलं तर रात्रीत तापतं. पडवीत पातळ पसरा, पंखा लावा, दर दोन तासांनी हात फिरवा. उभं भात आडवं झालं असेल तर पाण्याला वाट करून द्या आणि चार-पाच चुडं, म्हणजे भाताची रोपं, एकत्र बांधून उभी करा. पाऊस लांबलाच आणि कोंब फुटायची भीती वाटली, तर लिटरला ५० ग्रॅम मीठ विरघळवून लोंब्यांवर फवारतात. त्याने कोंब येणं लांबतं. बियाण्यासाठी राखलेल्या भाताला हे करू नका.

वाळवणातली एक चूक सगळीकडे दिसते. भर उन्हात ओल्या भातावर प्लास्टिकची ताडपत्री टाकून ठेवतात. आत घाम धरतो आणि दाणा पिवळा पडतो. दिवसा उघडं, पातळ, वरचेवर उलटसुलट करत वाळवा. सूर्य मावळायच्या आधी गोळा करून झाका, कारण वाळलेल्या दाण्याने रात्रीचं दव पुन्हा प्यायलं की त्याला आतून चीर जाते आणि तो गिरणीत तुटतो. ओलावा १२ ते १४ टक्क्यांवर आला की मगच कणगीत किंवा पोत्यात भरा.

विजेबद्दल कळकळीने सांगतो. हा आठवडा विजांचा असतो आणि नेमकी तीच वेळ आपण उघड्या मळ्यात असतो. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर हातातलं काम टाका. पक्क्या घरात जा. एकट्या आंब्याखाली किंवा माडाखाली थांबू नका. उघडा मांगर, म्हणजे शेतातली खोपटी, हीसुद्धा विजेपासून वाचवत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच बाहेर पडा. भारा भिजला तर भिजला. 'दामिनी' अ‍ॅप मोबाइलवर घेऊन ठेवा, आजूबाजूला वीज पडत असेल तर ते सावध करतं. आणि रात्रभर शेतात पडलेला कडपा उचलताना आधी काठीने हलवा, खाली फुरसं, हा विषारी साप, असू शकतं. चावलं तर झाडपाल्यात वेळ घालवू नका, सरळ सरकारी दवाखाना गाठा. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. हे लेप्टोचेही (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) दिवस आहेत, ताप आला तर भातशेतीत काम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गरव्या भातात लष्करी अळी शोधत राहा. ती दिवसा चुडाच्या बुडाशी लपते आणि रात्री वर चढून लोंब्या कापते. सकाळी खाली तुटलेल्या लोंब्या दिसल्या की समजा. तयार भातात औषध मारण्यापेक्षा कापणी उरकलेली केव्हाही बरी. तपकिरी तुडतुड्यांसाठी चूड बाजूला करून बुडाशी बघा, वरून काही दिसत नाही. दिसले तर पाणी काढा.

पाऊस ओसरून ऊन तापलं की हापूसला पालवी फुटते. पोपटी पालवीवर तुडतुडे आणि शेंडे पोखरणारी अळी येते. लागण दिसली तर डेल्टामेथ्रिन २.८ टक्के, १० लिटर पाण्याला ९ मिलिलिटर, सकाळी दव सुकल्यावर फवारा. दुपारी फवारलं तर पावसाने औषध धुऊन जाईल. काजूच्या नव्या फुटीवर ढेकण्या किडीचे काळे चट्टे आहेत का तेही बघून घ्या. सुपारीच्या बागेत कोळेरोगाने (फळं कुजवणाऱ्या बुरशीने) गळलेली फळं झाडाखाली ठेवू नका, वेचून पुरून टाका.

नुकसान झालंच तर भात उचलायच्या आधी फोटो काढा. बांध, घर, ओळखीचं झाड असं काहीतरी फोटोत येऊ द्या. तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) आणि कृषी सहायक (आताचे सहायक कृषी अधिकारी) दोघांना लगेच कळवा. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून होणाऱ्या सरकारी पीक नोंदीत, भाताची नोंद आहे ना, हे आजच तपासा, कारण पंचनाम्याच्या वेळी पहिला प्रश्न तोच येतो.

आणि खाचर मोकळं झालं की ओल उडू देऊ नका. कुळीथ, वाल, चवळी याच ओलीवर येतात. माती मुठीत धरून गोळा होतो आणि बोटाने दाबला की फुटतो, ती पेरणीची वेळ. रायगडात कडव्या वालाचं बियाणं आत्ताच निवडून ठेवा. १० किलोला २५० ग्रॅम रायझोबियम हे जिवाणू खत गुळाच्या पाण्यातून चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं.