दार अडकलं की आधी रंधा नको

सुतारकामात नवीन आलेल्याला वडोदऱ्यात पहिल्याच पावसाळ्यात हमखास येणारं काम म्हणजे "आतलं दार बसत नाही". गुजराती गिऱ्हाईक बिजागरीला मिजागरा म्हणतं आणि चौकटीला बारसाख; हे दोन शब्द पाठ असू द्यात. नवशिका सरळ रंधा काढतो आणि चूक तिथेच होते. काढलेलं लाकूड परत येत नाही.

आधी दार घासतं कुठे ते शोधा. चौकटीच्या आतल्या कडेला खडू फासायचा, दार हळू ओढायचं, दाराच्या कडेला पांढरा डाग जिथे उमटेल ती जागा. चांगल्या बसलेल्या दाराला दोन्ही बाजूंनी आणि वर २ ते ३ मिमी फट असते.

डाग कडीच्या बाजूला अगदी वरच्या कोपऱ्यात असेल आणि त्याच बाजूचं खालचं टोक फरशीला लागत असेल, तर दार उतरलंय. लाकूड फुगलेलं नाही, वरची बिजागरी ढिली आहे. दार अर्धवट उघडून कडीच्या बाजूने वर उचला; बिजागरी हलताना दिसेल. स्क्रू पिळून पाहा. नुसताच फिरत राहिला तर भोक खाल्लं गेलंय. मग दाराखाली पाचर मारून वजन घ्यायचं आणि एका वेळी एकच बिजागरी सोडायची, सगळ्या एकदम सोडल्या की दार अंगावर येतं. भोकात सागाची किंवा बांबूची खुंटी फेविकॉल लावून घट्ट ठोका, रात्रभर सुकू द्या, पटाशीने सपाट करा. २.५ मिमीच्या ड्रिलने नवं भोक पाडून आधीच्यापेक्षा अर्धा इंच लांब स्क्रू लावा, त्याच्या आट्यांना साबण चोळून. आगपेटीच्या काड्या कोंबणारे पुष्कळ आहेत. त्यांचं काम फार टिकत नाही.

उलट, दार वरच्या आडव्या चौकटीला कडीच्या बाजूने घासत असेल तर वरच्या बिजागरीमागे १ मिमी जाड पुठ्ठा घाला, ती बाजू जराशी खाली येते. खाली लागत असेल तर पुठ्ठा खालच्या बिजागरीमागे. स्क्रूच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा यासाठी उत्तम. आणखी एक प्रकार: दार मिटताना शेवटचं इंचभर उघडं राहतं आणि हात सोडला की परत उघडतं. बिजागरीची खाच जास्त खोल गेलेली असते किंवा स्क्रूची डोकी वर राहिलेली असतात. त्यालाही पुठ्ठाच, किंवा डोकी नीट बुडवणे.

कडीच्या बाजूची पूर्ण उभी कड घासत असेल तर मात्र लाकूड फुगलंय. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही, म्हणून उंची वाढल्याची शंका घेऊ नका. खालचा घासा फरशीवर फरशी बसवल्यामुळेही येतो, तो घरमालकाला विचारून लगेच कळतो.

इथे रंधा लागतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये पोटभर मारू नका. हवा कोरडी झाली की तेच दार आखडतं आणि बोटभर फट राहते. तेवढ्यापुरतं १ मिमी काढा, बाकीचं दिवाळीनंतर बघा. फ्लश डोअरला (दोन्ही बाजूंनी प्लाय चिकटवलेलं सपाट दार) कडेची लाकडी पट्टी असते तेवढंच काढता येतं. पट्टी संपली की आतला गाभा उघडा पडतो. सनमायका असेल तर आधी कानसीने त्याची कड खाली घ्या, नाहीतर रंध्याने तुकडे उडतात. वरची किंवा खालची कड रंधताना दोन्ही टोकांकडून मध्याकडे या, टोक फुटत नाही. कड दार मिटण्याच्या बाजूला किंचित उतरती ठेवा.

उघडं पडलेलं लाकूड त्याच दिवशी प्रायमरने बंद करा. दाराची खालची कड कोणीच रंगवत नाही, आणि बाथरूमच्या दारांत पाणी तिथूनच चढतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं तसं पाणी लागून फ्लश डोअरचे थर सुटले असतील, तर रंधा, खुंटी काही उपयोगाचं नाही, दारच बदलायचं.

दार बसलं पण कुलपाची जीभ लागत नसेल, तर जिभेला खडू फासून बंद करून पाहा. चौकटीतल्या, जीभ जिथे शिरते त्या पत्र्यावर खूण १-२ मिमी खाली-वर आली तर पत्र्याचं भोक कानसीने वाढवा. पत्रा सरकवायला गेलात तर जुन्या भोकांशेजारी नवी भोकं धरत नाहीत.