नवीन आलात ना अमेरिकेत? प्रोनाउन, फॉर्म आणि आडनाव

दर उन्हाळ्यात आमच्या सिॲटल साइडला नवीन मंडळी येतात, आणि लायसन्स, क्रेडिट हिस्टरी, भाड्याचं घर हे सगळं विचारून झालं की मग हळूच आवाज बारीक करून एक प्रश्न येतोच, "ते ईमेलखाली शी-हर वगैरे लिहितात ते आपण पण लिहायचं असतं का?" मला इथे येऊन सतरा वर्षं झाली, बरंच तोंडावर आपटून झालंय, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

तर पहिलं, प्रोनाउन, म्हणजे आपल्याबद्दल बोलताना लोकांनी 'ही' म्हणायचं की 'शी' ते. २०१८ की १९ साली एका मीटिंगमधे सगळ्यांनी नाव, काम आणि प्रोनाउन सांगायचं ठरलं. मला ऐकू आलं "प्रोनाउन्स", म्हणजे उच्चार. आपलं नाव कुणालाच नीट घेता येत नाही, तेव्हा मला वाटलं वा, किती चांगली माणसं, आणि मी उभं राहून एकेक अक्षर फोडून माझं नाव कसं उच्चारायचं ते शिकवलं, दोनदा म्हणून पण घेतलं सगळ्यांकडून. कुणी हसलं नाही. शेजारच्या बाईने नंतर कॉफीच्या वेळी समजावलं तेव्हा कान लाल झाले.

लिहायचं की नाही? तुमची मर्जी. माझ्या टीममधे निम्मे लिहितात, निम्मे नाही, आणि न लिहिणाऱ्याला कुणी जाब विचारलेला मी तरी पाहिलेला नाही. मी लिहितो, कारण नाहीतर माझ्या नावावरून क्लायंट मला मॅडम समजतात, बाकी फार उदात्त काही नाही त्यात. पण समोरच्याने स्वतःसाठी जे सांगितलंय ते मात्र वापरायचं. आमच्या टीममधे एकजण दे-देम लावतात, म्हणजे 'ही' पण नाही आणि 'शी' पण नाही, आणि आपली मंडळी जेवणाच्या टेबलावर यावर फार कुरकुर करतात की एकवचनाला अनेकवचन कसं काय, व्याकरण बसत नाही वगैरे. अहो, "सर आले", "आजोबा झोपले" म्हणताना किती आजोबा असतात? आपल्याला तर हे सोपं जायला पाहिजे. चुकलंच तर "सॉरी" म्हणून लगेच बरोबर शब्द वापरायचा आणि पुढे जायचं, मी एकदा चुकल्यावर तीन मिनिटं माफी मागत बसलो आणि शेवटी त्यांनाच माझी समजूत घालावी लागली, ते जास्त वाईट दिसलं.

आता फॉर्म. नोकरीच्या अर्जाच्या शेवटी रेस, जेंडर, व्हेटरन आहात का, डिसॅबिलिटी आहे का, असं विचारतात. ते ऐच्छिक असतं, "सांगायचं नाही" असा पर्याय असतो, आणि डिसॅबिलिटीच्या यादीत डायबिटीससुद्धा आहे हे बऱ्याच जणांना वाचून धक्का बसतो. सगळ्यात महत्त्वाचं, "अमेरिकन इंडियन" वर टिक करू नका! ते इथले मूळनिवासी, आपण "एशियन". हसू नका, मी केलंय हे, आणि एचआरचा अतिशय गोड आवाजात फोन आला होता की तुम्ही कुठल्या ट्राइबचे.

आपल्याला कुठल्या खणात टाकायचं हे या देशाचं कधी ठरलंच नाही. भगतसिंग थिंद म्हणून एक शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांनी नागरिकत्वासाठी सुप्रीम कोर्टात बाजू मांडली की मी उच्च जातीचा हिंदू आहे (तेव्हा इथे सगळ्याच भारतीयांना हिंदू म्हणत), आर्य आहे, सबब मी गोरा, म्हणून नागरिकत्वाला पात्र. कोर्टाने १९ फेब्रुवारी १९२३ ला सांगितलं, नाही. नुसतं त्यांनाच नाही, आधी नागरिकत्व मिळालेल्या अनेक भारतीयांचंही मग काढून घेतलं. पुढे १९७० च्या जनगणनेत आपण गोऱ्यांत मोजले गेलो आणि १९८० ला "एशियन इंडियन" असा वेगळा रकाना आला. आणि गंमत बघा, सरकारी कंत्राटांच्या ८(ए) योजनेत १९८२ पासून भारतीय वंशाचे नागरिक वंचित गटात धरले जायचे. तिकडे भारतात आरक्षणाच्या नावाने बोटं मोडणारे एक गृहस्थ ते सर्टिफिकेट इथे फ्रेम करून लावून बसलेले मी स्वतः पाहिलेत.

किरकोळ गोष्टी पटकन सांगतो. गुलामगिरीची किंवा वर्णभेदाची आठवण नको म्हणून काही शब्द बदललेत: कोडमधे मास्टर ब्रँचचं मेन झालंय, ब्लॅकलिस्टचं डिनायलिस्ट, घर बघताना मास्टर बेडरूमला प्रायमरी म्हणतात, आठवड्यात सवय होते. शाळेच्या कार्यक्रमाआधी "ही जमीन डुवामिश लोकांची आहे", म्हणजे इथल्या मूळनिवासी जमातीची, असं वाचून दाखवतात, तेव्हा शांत बसायचं. मला ते आधी निव्वळ नाटक वाटायचं, अजूनही थोडं वाटतं, कारण पुढची स्लाइड पार्किंगची असते, आणि ज्यांच्या सरदाराचं नाव या शहराला दिलंय त्या डुवामिशांना केंद्र सरकारची मान्यता अजूनही नाही. पण माझा एक सहकारी दर महिन्याला त्यांना खरंच भाडं पाठवतो, "रिअल रेंट" नावाची योजनाच आहे तशी, त्याच्यासमोर नाटक म्हणायची जीभ होत नाही.

आणि हो, वारं फिरलंय. जानेवारी २०२५ मधे ट्रंप यांनी डीईआयविरुद्ध, म्हणजे सगळ्या गटांना सामावून घेण्याच्या या कार्यक्रमांविरुद्ध, आदेश काढले, त्यानंतर आमच्याकडे त्या टीमचं नाव बदललं, माणसं बरीचशी तीच. एच-वन-बी व्हिसावर असाल तर ऑफिसच्या चॅटवर दोन्हीकडून शूरपणा नको. "बरं झालं गेलं ते थोतांड" पण नको. कोण वाचतंय तुम्हाला माहीत नसतं.

हे सगळं परक्यांचं झालं. मला खरं शिकवलं ते आपल्याच गणपतीत. एक नवीन मुलगा आला होता, विशीतला, ताटं लावत होता. मी सवयीने विचारलं, "आडनाव काय रे तुझं?" तो म्हणाला, "मी वडिलांचंच नाव लावतो काका." मी पुन्हा, "हो, पण मूळचं?" त्याने हातातलं ताट नीट ठेवलं, म्हणाला, "मूळचं पण तेच," आणि दुसऱ्या रांगेला निघून गेला. पुढच्या वर्षी आला नाही. मला वाटत होतं मी फक्त ओळख काढत होतो.

२१ फेब्रुवारी २०२३ ला, म्हणजे थिंद निकालाला शंभर वर्षं आणि दोन दिवस झाल्यावर, सिॲटलने जातीवरून भेदभाव करण्यावर बंदी घातली, अमेरिकेतलं पहिलं शहर, सहा विरुद्ध एक मतांनी. प्रस्ताव आणला क्षमा सावंत यांनी, पुण्यात जन्मलेल्या. त्या आठवड्यात आमच्या मंडळाच्या ग्रुपवर जी जुंपली ती विचारू नका, एक बाजू म्हणे आपल्याला मुद्दाम बदनाम करतायत, इथे कुठे आहे जात, आणि हे लिहिणाऱ्यांपैकी दोघांनी त्याच महिन्यात मुलीसाठी स्थळ बघताना काय काय अटी कळवल्या होत्या ते मला माहीत होतं. कॅलिफोर्नियाचं तसंच बिल त्याच ऑक्टोबरात गव्हर्नर न्यूसम यांनी व्हेटो केलं, सध्याच्या कायद्यात हे येतंच असं म्हणून.

तेव्हा नवीन मंडळींनो, ईमेलखाली काय लिहायचं याची काळजी करण्याआधी आपण एकमेकांना काय विचारतो ते बघा. आम्ही आता गणपतीत बॅजवर फक्त पहिलं नाव छापतो. मागच्या वेळी एका ज्येष्ठ काकांनी एका नवीन मुलीचा बॅज हातात घेतला, वाचला, आणि मग उलटा करून मागची बाजू बघितली.