‘विभागणे’ नेमके कुठे वापरावे

एखाद्या गोष्टीचे भाग करण्याच्या क्रियेसाठी मराठीत विभागणे, वाटणे, भागणे, विभाजन, फाळणी असे बरेच शब्द आहेत. शब्दकोशात त्यांचे अर्थ एकमेकांना खेटून दिलेले असल्यामुळे लिहिताना एकाच्या जागी दुसरा सहज येतो. निवड करताना एक प्रश्न बहुतेक वेळा पुरेसा ठरतो : केलेले भाग पुढे कुठे जातात? ते मूळ वस्तूतच राहतात, कोणाच्या तरी पदरात पडतात, की स्वतंत्र होऊन आपापले चालू लागतात?

भाग मूळ वस्तूतच राहत असतील तर ‘विभागणे’ हे क्रियापद घ्यावे. ग्रंथ पाच प्रकरणांत विभागलेला असतो, तरी तो एकच ग्रंथ असतो. नदीमुळे शहर दोन भागांत विभागले जाते, पण शहराचे नाव आणि कारभार एकच राहतो. ज्यांत विभागायचे त्या भागांना सप्तमीचा ‘त’ लावावा. हे क्रियापद सकर्मक आहे, म्हणून भूतकाळात ते कर्माप्रमाणे बदलते : संपादकांनी ग्रंथ विभागला, माहिती विभागली, प्रकरणे विभागली. सरकारी पत्रव्यवहारात याच अर्थाने ‘विभाजित करण्यात आले आहे’ अशी लांबलचक रचना आढळते. तिच्या जागी ‘विभागले आहे’ लिहिल्याने काहीही हरवत नाही. ‘विभाग’ हे नाम मात्र जपून वापरावे, कारण त्याला कार्यालयीन शाखेचा अर्थ इतका पक्का चिकटला आहे की ‘हे काम तीन विभागांत होईल’ हे वाक्य वाचून काम तीन टप्प्यांत होणार की तीन कार्यालयांत, असा प्रश्न पडतो. तेथे ‘भाग’ किंवा ‘टप्पे’ म्हणणे बरे.

भाग माणसांकडे जाणार असतील तर ‘वाटणे’ योग्य. त्याच्या दोन नामांत एक बारीक फरक आहे. ‘वाटणी’ होते तेव्हा वाटेकऱ्यांचा हक्क आधीपासून मानलेला असतो, जसे वडिलोपार्जित मालमत्तेचे. ‘वाटप’ करताना देणारा एक आणि घेणारे अनेक असतात, जसे पुस्तकांचे किंवा मदत साहित्याचे. ‘पाणीवाटप’ हा रूढ शब्द या रेषेला जुमानत नाही, कारण तेथे भांडण हक्काचेच असते. पण रूढ झालेला शब्द सुधारत बसू नये. ‘वाटणे’ या क्रियापदाला मनात येण्याचा आणि पाट्यावर बारीक करण्याचाही अर्थ आहे. संदर्भ तुटक असेल तर कर्त्याचा प्रत्यय अर्थ ठरवतो : ‘तिने वाटले’ आणि ‘तिला वाटले’ ही दोन वाक्ये एकमेकांच्या जवळपासही नाहीत.

विभागणी आणि वाटप यांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो बैठकीच्या इतिवृत्तात. अहवाल तयार करण्याचे काम माहिती गोळा करणे, लेखन आणि तपासणी अशा तीन टप्प्यांत मोडले, तर ती कामाची विभागणी झाली. त्यांतले लेखन कोणी करायचे आणि तपासणी कोणी, हे ठरले की कामाचे वाटप झाले. इतिवृत्तात दोन्हींसाठी ‘विभागणी’ लिहिले तर जबाबदारी नेमकी कोणावर आहे हे कागदावर येतच नाही, आणि पुढच्या बैठकीत नेमका त्यावरूनच वाद होतो.

भाग स्वतंत्र होणार असतील तेथे ‘विभाजन’ शोभते. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली. जीवशास्त्रात पेशीविभाजन म्हणतात ते याच न्यायाने, कारण एका पेशीपासून झालेल्या नव्या पेशी आपापल्या जगतात. ‘फाळणी’ मात्र इतकी तटस्थ नाही. १९०५ ची बंगालची आणि १९४७ ची देशाची फाळणी या घटनांमुळे त्या शब्दाला दुखऱ्या ताटातुटीची छटा आली आहे, म्हणून जिल्ह्याचे किंवा मतदारसंघाचे प्रशासकीय विभाजन सांगताना ‘फाळणी’ लिहिणे म्हणजे बातमीत नकळत आपले मत घालणे होय.

संख्यांसाठी ‘भागणे’. ज्या संख्येचे भाग करायचे ती भाज्य, तिला ‘ला’. जिने भागायचे ती भाजक, तिला ‘ने’. ४७ ला ६ ने भागले तर भागाकार ७ येतो आणि बाकी ५ उरते. ४८ ला ६ ने निःशेष भाग जातो. प्रत्ययांची अदलाबदल झाली की उदाहरणच उलटे होते. ‘१२ ÷ ४’ हे ‘बारा भागिले चार’ असे वाचावे. गणिताबाहेर हेच क्रियापद अकर्मक होऊन पुरेसे होण्याचा किंवा शमण्याचा अर्थ घेते : तहान भागते, खर्च भागतो, एवढ्यावर भागेल. त्यामुळे ‘वर्ग तीन गटांत भागला’ हे कानाला खटकते. तेथे ‘विभागला’ हवे.

‘भाग पाडणे’ हा वाक्प्रचार फसवा आहे. ‘वर्गाचे दोन भाग पाडले’ यात तुकडे केले आहेत, तर ‘वर्गाला थांबण्यास भाग पाडले’ यात सक्ती केली आहे. षष्ठी आणि संख्या असेल तर पहिला अर्थ, चतुर्थी असेल तर दुसरा. कायद्याच्या किंवा नियमांच्या मसुद्यात तेवढ्यावर विसंबून न राहता पहिल्या अर्थी ‘भाग करणे’ आणि दुसऱ्या अर्थी ‘सक्ती करणे’ लिहावे.

शेवटी अनुस्वाराकडे पाहावे. भाग एकाहून अधिक असतील तर ‘तीन भागांत’ असे लिहायचे. ‘तीन भागात’ हे अशुद्ध. ‘या भागात’ म्हणजे एकाच ठिकाणी आणि ‘या भागांत’ म्हणजे अनेक ठिकाणी, हा फरक त्या एका टिंबावर उभा असतो, आणि मुद्रितशोधनात पहिल्यांदा निसटते तेही तेच.